उरलेली लाटी

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. माझे वडील बाळकुमच्या पलीकडे मिठागरात काम करतात आणि त्यांना सहीपुरतेही अक्षर येत नाही. अशा घरातल्या मुलाने एखाद्या माणसाचे चित्र शब्दांत काढायला बसावे, हे मलाच जरा जास्तीचे वाटते. चुका होतील. त्या पोटात घालाव्यात. हे लिहून झाल्यावर बाबांना मीच वाचून दाखवणार आहे. त्यांची क्षमा मात्र इथे दोन ओळींत मागून भागणार नाही, म्हणून ती मागत नाही.

लाटीकाकूंना खुनी ओळखता येत असे.

म्हणजे पुस्तकातला. त्या स्वतः पापड-लोणची करून विकत, म्हणून सगळे त्यांना लाटीकाकू म्हणत. टेंभी नाक्याच्या मागच्या आळीत त्यांची दीड खोली आणि पुढे पडवी होती. लोणच्याला त्यांना बाळकुमचेच खडेमीठ लागे आणि ते बाबा पोचवीत. त्या ओळखीतून मला काकूंची पडवी मिळाली. आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती आणि काकूंच्या पडवीत एक दिवा होता. मुंबईच्या कॉलेजातून परत आलो की मी तिथे बसून अभ्यास करायचा आणि मग चालत घरी जायचे, असे ठरले. बाबांनी भाड्याचे विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, "भाडं कसलं? मला अक्षर येत नाही, रविवारी दुपारी त्याने मला काहीतरी वाचून दाखवावं. पोथी नको. पोथीत काय होणार ते मला ठाऊक असतं."

त्या मला नावाने हाक मारीत नसत. "काय रे कॉलेज," असेच म्हणत. मला ते आवडत नसे. आता तसे म्हणणारे कोणी नाही.

काय वाचावे, हे आळीतल्या वाचनालयाने ठरवले. तिथे पेन्शनीत निघालेले एक मास्तर पुस्तके देण्याघेण्याचे काम पाहत. रहस्यकथांना मागणी फार होती आणि त्यातून एक खोडी सुरू झाली होती. कोणीतरी वाचून झालेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवी. मास्तरांनी चार महिने खोडरबर वापरला. मग एके दिवशी ब्लेड घेऊन त्यांनी प्रत्येक रहस्यकथेचे शेवटचे प्रकरण कापून काढले, पिवळ्या कागदात शिवले आणि टेबलाच्या खणात कुलूपबंद केले. किल्ली त्यांच्या जानव्याला असे. पुस्तक वाचून झाले की वाचकाने मास्तरांसमोर उभे राहून खुनी कोण आणि कशावरून, हे सांगायचे. मग मास्तर खण उघडीत आणि शेवट बाकावर बसून वाचू देत. तो घरी नेता येत नसे. उत्तर बरोबर आले की फळ्यावर खडूने नाव लागे. आणि एकाच माणसाचे ओळीने पाच वेळा बरोबर आले, तर दाराशेजारच्या लाकडी पाटीवर त्याचे नाव रंगाने लिहायचे, असा मास्तरांचा नियम होता. पाटीवर तोवर तीन नावे होती. तिघेही वकील.

मी पहिली रहस्यकथा काकूंना वाचून दाखवू लागलो तेव्हा त्या पापड लाटीत होत्या. उडदाच्या पिठाची लांब वळी करायची आणि दोरीने तिच्या लाट्या पाडायच्या, हे त्यांचे हात आपोआप करीत. पहिल्या प्रकरणात खून झाला. काकूंनी विचारले, "घरात कोण कोण होतं?" मी सहा नावे सांगितली. त्यांनी सहा लाट्या वेगळ्या काढल्या, पोळपाटाच्या कडेला एका रांगेत मांडल्या आणि प्रत्येकीवर तेलाचा अंगठा दाबला. "ही सून. हा गडी. हा तो चष्मेवाला." पुढे एखादा माणूस त्यांच्या मते निर्दोष ठरला की त्या त्याची लाटी उचलीत, पोळपाटावर ठेवीत आणि भराभर लाटून टाकीत. "सुटला बिचारा," म्हणत आणि पापड वाळत घालायला उठत. रविवार संपला की राहिलेल्या लाट्या मोडून पिठात जात आणि पुढच्या रविवारी तेवढ्याच नव्या मांडल्या जात. अखेर एक लाटी उरे. मी वाचनालयात जाऊन तिचे नाव सांगे.

ते बरोबर निघे.

ओळीने चार पुस्तकांत असे झाले. फळ्यावर चार वेळा माझे नाव लागले. मास्तर म्हणाले, "मिठागरातलं पोर, पण बुद्धी वकिलाची." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

खरे म्हणजे मला काकूंचा हेवा वाटू लागला होता. हा शब्द लिहितानाही हात अडखळतो, कारण ज्या बाईच्या दिव्याखाली बसून आपण शिकतो तिचाच हेवा करणे हे चांगल्या माणसाचे लक्षण नाही. पण वाटत होता. एखादे पुस्तक आणले की मी ते आधी एकटाच वाचून काढी, कागदावर नावे मांडी, आणि रविवारी काहीच ठाऊक नसल्यासारखा वाचायला बसे. तरी माझा माणूस निराळा निघे आणि काकूंचा खरा. एकदा तर मी वाचताना मुद्दाम अर्धे पान गाळले. त्यात एक महत्त्वाची खूण होती. काकूंनी लाटणे थांबवले.

"मधलं काहीतरी राहिलं का रे?"

मी नाही म्हणालो.

"मग ती बाई दूध घेऊन आत गेली, ती बाहेर कधी आली? अजून आतच आहे म्हण."

मी पान मागे उलटून गाळलेला भाग वाचला. काकूंनी एक लाटी उचलून लाटून टाकली.

हे त्यांना कसे कळते, असे मी एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, "खून कसा केला हे मला कळत नाही. घर कसं चाललंय ते कळतं." मग थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचे सांगितले. नवरा गेल्यावर सासरी, खाली कोकणात, वाटणी झाली. दिरांनी भांडी मोजली, आंब्याची झाडे मोजली आणि काकूंच्या वाट्याला हा पोळपाट आणि दोन बरण्या आल्या. "सगळ्यांत मोठ्याने जो रडत होता ना, त्याच्याच पेटीत माझ्या पाटल्या होत्या. मला दिसत होतं. पण बोलणार कोणाला? आमच्याकडे वाटणीपायी कोणी मेलं नाही, एवढंच." असे म्हणून त्या हसल्या. मी हसलो नाही.

बाबा मीठ घेऊन येत तेव्हा कधी कधी थांबून ऐकत. लाट्यांचा खेळ त्यांना फार आवडे. एकदा ते मला काकूंच्या समोरच म्हणाले, "तू येवरी बुकां वाचतस, पन डोकां काकूचाच चालतंय." ते कौतुकाने म्हणाले, दोघांच्याही. मला मात्र ते घरी पोचेपर्यंत टोचत राहिले.

पावसाळ्यात पापड बंद असत, म्हणून वाचनही बंद असे. लाट्यांशिवाय मला ऐकायला जमत नाही, असे काकू म्हणत. त्याच जूनमध्ये मी इंटरला गेलो आणि आम्हांला तर्कशास्त्र लागले. मला तो विषय अतिशय आवडला. गृहीत, अनुमान, निष्कर्ष यांची मी पाने भरली. आता आपल्याला कोणाच्या लाट्यांची गरज नाही, असे मला वाटू लागले. पाचवे पुस्तक दिवाळीनंतर आणायचे आणि पाटीवरचे नाव स्वतःच्या डोक्याने मिळवायचे, असे मी ठरवले. बाबांना पाटीचे मी सांगितले होते. रंगाने लिहिलेले नाव पावसानेही जात नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले होते.

पाचवे पुस्तक समुद्रकाठच्या एका बंगल्याचे होते. म्हातारे दादासाहेब मृत्युपत्र करतात, की पूर्वजांनी लपवलेला मोहरांचा ठेवा याच घरात आहे आणि तो जो शोधील त्याला बंगलाही मिळावा. महिन्याने ते मृत्युपत्र बदलायला निघतात आणि त्याच सकाळी औषधातून विष जाऊन मरतात. घरात पाच माणसे असतात. उनाड पुतण्या, दादासाहेबांची विधवा बहीण, दिवाणजी, डॉक्टर आणि माळी. पुतण्याने उंदरांसाठी विष आणलेले असते. त्याने बागेत ठिकठिकाणी खणून पाहिलेले असते. खुनाच्या सकाळी तो कुठे होता हे तो सांगत नाही. मी वहीत सगळे मांडले. निष्कर्ष स्वच्छ होता.

काकूंनी पाच लाट्या मांडल्या. पुतण्याला त्यांनी दुसऱ्याच रविवारी लाटून टाकले.

"अहो काकू, विष त्याने आणलं होतं," मी म्हणालो.

"आणलं ना सगळ्यांसमोर. आणि जमीन खणतो आहे, म्हणजे ठेवा कुठे आहे ते त्याला अजून ठाऊक नाही. ज्याला सापडलेला नाही, तो म्हाताऱ्याला कशाला मारील? त्याला म्हातारा जिवंत हवा. म्हातारा गेला की घराला कुलूपं लागतील, मग खणणार कुठे?"

शेवटी बहिणीची लाटी उरली. मी कारण विचारले. काकूंनी हात पुसले. "त्या घरातली तीन जेवणं तू वाचून दाखवलीस. भात, आमटी, माशाची आमटी, पाहुण्यांना श्रीखंडसुद्धा. एकदाही लोणचं वाढलेलं नाही. आणि फळीवर बरण्या किती?"

मी पान शोधले. अकरा होत्या. बहीण त्या रोज पुसते, असेही लिहिले होते.

"अकरा बरण्या भरलेल्या, आणि पानात फोड नाही. कोकणातलं घर आहे रे ते. त्या बरण्यांत लोणचं नाहीच. ठेवा तिला केव्हाच सापडलाय. म्हातारा मृत्युपत्र बदलायला निघाला तेव्हा तिला घाई झाली."

मला त्या क्षणी कळले की हे खरे आहे. हे मी प्रामाणिकपणे लिहितो. कळले, आणि त्याच क्षणी मी ठरवले की मास्तरांना हे सांगायचे नाही. पाटीवर नाव यायचे तर माझ्या निष्कर्षाने येईल.

मी मास्तरांसमोर उभा राहिलो आणि पुतण्याचे नाव सांगितले. मास्तरांनी खण उघडला, पिवळ्या कागदातले प्रकरण माझ्या हातात दिले आणि फळ्याकडे गेले. मी बाकावर बसून वाचले. सातव्या बरणीत वरपर्यंत मोहरा होत्या. मान वर केली तेव्हा मास्तर ओल्या फडक्याने माझे नाव पुसत होते.

काकूंच्या पडवीत आलो तर बाबा बसलेले. मिठाची गोण उतरवून ते पाणी पीत होते. माझ्यासाठीच थांबले होते. पोळपाटाच्या कडेला ओल्या फडक्याखाली एकच लाटी होती.

"काय रे कॉलेज, कोण निघालं?"

मी बाबांकडे पाहिले. मी पुतण्याचे नाव सांगणार, हे सकाळी मी त्यांना घरी सांगून आलो होतो.

"पुतण्या," मी म्हणालो.

"बहीण नव्हे?"

"नाही. पुतण्याच."

बाबांनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजे तू सांगतलास तोच?"

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मी मॅट्रिक झालो तेव्हाही नाही.

काकूंनी लाटीकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "मग त्या बरण्यांत काय होतं?"

"लोणचं."

"मग वाढलं का नाही?"

ते तसे पुस्तकात दिलेले नाही, असे काहीतरी मी पुटपुटलो. काकू म्हणाल्या, "मग लिहिणारा चुकला रे." एवढ्यात त्यांची नजर बाबांच्या चेहऱ्यावर गेली. "असो. शिकलेल्याचं खरं धरावं."

ती लाटी त्यांनी लाटली नाही आणि पिठात मोडलीही नाही. उचलून फळीवर ठेवली.

खोट्याला पुढे आणखी खोटे लागते, हे मला कोणी शिकवायला हवे होते असे नाही. पाटी रंगवणारा माणूस गावाला गेला आहे, असे मी बाबांना सांगितले. महिन्याभराने ते मीठ पोचवून परस्पर वाचनालयाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी मागून धावत गेलो. पाटीवरच्या तीन ओळींकडे पाहत त्यांनी विचारले, "यातला तुजा नाव कनचा?" मी शेवटच्या वकिलाच्या नावावर बोट ठेवले. बाबांनी हात धोतराला पुसला आणि त्या नावावरून एकदा फिरवला. मग म्हणाले, "बेस काढलाय."

काकूंनी मला त्या पुस्तकाविषयी पुन्हा एकदाच विचारले. शेवटची पाने घरी आणता येतील का, त्यांना एकदा ऐकायची होती. मास्तर देत नाहीत, हे खरे असल्यामुळे मी ते जोराने सांगितले.

"म्हणजे तिथेच जाऊन वाचावी लागतात तर."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी नवीन पुस्तक आणले तेव्हा त्यांनी नको म्हटले. परीक्षा जवळ आली, आता पुरे. मला सुटल्यासारखे वाटले, हेही लिहायला हवे. त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला असावा, असे मी धरून चाललो आणि त्यात मला थोडे समाधानही होते. दुपारी त्यांचे दार अधूनमधून बंद दिसू लागले. देवळात जात असतील, असे वाटले. त्याच सुमारास लोणच्याच्या बरण्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या आल्या. वाकड्या अक्षरांत कुठे 'लिंबू' लिहिले होते, कुठे 'मिरची'. शेजारच्या एखाद्या मुलीचे काम असेल, असे समजून मी पुन्हा वहीत डोके घातले. इतके तर्कशास्त्र शिकूनही ते अक्षर कोणाचे, हा प्रश्न मला पडला नाही.

थंडी संपता संपता काकूंचा दमा वाढला. तिखट कुटणे बंद झाले. होळीच्या आधी त्यांचे भाऊ गावाहून न्यायला आले. मी एस.टी.पर्यंत बोचके घेऊन गेलो. काकूंनी मला लिंबाच्या लोणच्याची एक बरणी दिली. "परीक्षेच्या दिवसांत जेवण जात नाही. हे असलं की जाईल. बरणी मात्र परत आण हं."

मी त्यांना सांगणार होतो. गाडीत चढायच्या आधी सांगायचे म्हणून मी वाक्यही तयार केले होते. पण त्यांच्या भावाने सामान वर द्यायला सांगितले, मग तिकिटाचे झाले, मग गाडी सुरू झाली. खिडकीतून काकू म्हणाल्या, "वाचत राहा रे कॉलेज." मी मान हलवली.

मी इंटर पास झालो. तर्कशास्त्रात चांगले गुण मिळाले. श्रावणात काकू गेल्याचे त्यांच्या भावाचे कार्ड आले. ते मीच बाबांना वाचून दाखवले. बाबा म्हणाले की लोणच्याचे मीठ आता कोणाला द्यायचे.

त्यानंतर मी वाचनालयात गेलो. पुस्तके परत करायची होती. मास्तर एकटेच होते आणि बोलायच्या लहरीत होते. म्हणाले, "तू त्या पापडवाल्या बाईंच्या पडवीत बसायचास ना? संक्रांतीच्या सुमारास आल्या होत्या इथे. प्रौढांच्या वर्गात जायला लागले म्हणाल्या, आता वाचता येतं. तो बंगल्याचा शेवट मागत होत्या. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा, आधी खुनी सांगा. तर म्हणतात, बहीण. पण मला कोणीतरी सांगितलं होतं की पुतण्या, म्हणून बघायला आले."

मी हातातली पुस्तके टेबलावर ठेवली.

"दोन दुपारी लागल्या त्यांना ते एक प्रकरण वाचायला. प्रत्येक अक्षराखाली बोट. बरण्यांपाशी आल्या तेव्हा एकट्याच हसल्या. मी म्हटलं, बाई, तुमचं उत्तर अगदी बरोबर होतं, मग तो पुतण्या तुमच्या डोक्यात घातला कोणी? पुतण्या सांगणारे इथे डझनभर होऊन गेले, त्यातला कोणता मूर्ख?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आता आठवत नाही."

बाहेर आळीत कोणीतरी सायकलची घंटा वाजवीत गेले. मास्तरांनी टेबलावरचे कागद सारखे केले आणि त्यांवर ठेवलेली एक वस्तू उचलून मला दाखवली. सुपारीएवढी, दगडासारखी टणक, पिवळट. वर अंगठा दाबल्याची खळगी होती.

"जाताना पदराच्या गाठीतून हे काढून ठेवून गेल्या. म्हणाल्या, आता हिचं काम संपलं. मी आपला कागदांवर ठेवतो, उडत नाहीत. पण हे आहे काय रे?"

मी ती हातात घेतली.

"लाटी आहे, मास्तर," मी म्हणालो. "बहिणीची."